नादारीचा अर्ज करायचा आहे, पण हातात पैसे नाहीत: तयारी कुठून करायची?

एका दुकानदाराचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीत हरभट रोडवर कापडाचं छोटं दुकान होतं. २०१९ च्या महापुरात माल गेला, कर्ज काढून पुन्हा भरला, २०२१ ला परत पाणी शिरलं. आता दुकान बंद आहे. देणं एकूण ३१ लाख: घर गहाण टाकून बँकेचे १४ लाख, दोन जामीनदारांवर पतसंस्थेचे ५ लाख, होलसेलवाल्यांची उधारी साडेचार लाख, महिना पाच टक्क्यांनी घेतलेले खासगी ३ लाख, क्रेडिट कार्ड आणि मोबाइल ॲपचे अडीच लाख, नातेवाइकांचे २ लाख. स्वतः दुसऱ्याच्या दुकानात १६ हजारांवर कामाला, पत्नी घरी शिवणकाम करते. एका होलसेलवाल्याने हुकूमनामा (पैसे देण्याचा कोर्टाचा निकाल) मिळवून दरखास्त (त्याच्या वसुलीचा अर्ज) लावली आहे. दिवाळखोरी जाहीर करता येईल का, आणि वकिलाला द्यायलाही पैसे नसताना तयारी कशी करायची, असं त्यांनी विचारलं आहे.

दादा, करता येते. सांगली-साताऱ्यात त्यासाठी आजही १९२० चा प्रांतिक नादारी, म्हणजे दिवाळखोरी, कायदाच चालतो. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत व्यक्तींसाठी वेगळा भाग आहे, पण तो १ डिसेंबर २०१९ पासून फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी दिलेल्यांना लागू झाला. बाकीच्यांसाठी तो कागदावरच आहे. तुमची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी नव्हती, म्हणून तुमचा अर्ज मुंबईच्या न्यायाधिकरणात जाणार नाही, इथल्या जिल्हा न्यायालयात जाईल. अर्ज करण्याची अटही अवघड नाही: देणी फेडता येत नाहीत आणि देणं पाचशे रुपयांच्या वर आहे, किंवा हुकूमनाम्यावरून अटक झाली आहे, किंवा मालमत्तेवर जप्तीचा हुकूम कायम आहे. पाचशेचा आकडा १९२० पासून तसाच राहिलाय.

मी सांगलीच्या कोर्टात दिवाणी कामं चालवते. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांना वाटतं की अर्ज दाखल झाला की सगळी देणी गोठली. तसं होत नाही, म्हणून आधी तुमच्या ३१ लाखांकडे नीट बघू. बँकेचे १४ लाख घरावर आहेत. नादारीचा हुकूम झाला तरी तारण घेतलेल्या धनकोचा (ज्याचं देणं आहे त्याचा) त्या तारणावरचा हक्क तसाच राहतो; बँक तारणातून वसुलीच्या सरफेसी कायद्याखाली साठ दिवसांची नोटीस काढून घराचा ताबा मागू शकते. पतसंस्थेने सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला घेतला तर तुमच्यापुरती वसुली न्यायालयाच्या ताब्यात येईल, पण जामीनदार सुटत नाहीत. म्हणजे नादारीचा खरा उपयोग होतो तो होलसेलवाले, कार्ड, ॲप, नातेवाईक आणि तो खासगी सावकार यांच्या देण्यांपुरता, एकूण १२ लाख. चेक बाऊन्सची केस कोणी कलम १३८ खाली केली असेल तर ती फौजदारी बाजूला वेगळी चालते. तिची तारीख चुकवू नका. नाहीतर नादारीचा अर्ज बाजूला राहतो आणि दारात वॉरंट येतं.

म्हणून माझं स्पष्ट मत असं की अर्जाची तयारी आजपासून करा, पण अर्ज टाकण्याआधी दोन कामं उरका. त्या कामांमुळे देणं खरोखर कमी होऊ शकतं.

पहिलं काम सावकाराचं. महिना पाच टक्के म्हणजे वर्षाला साठ टक्के. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्याखाली परवानाधारक सावकारालासुद्धा बिगरशेतकऱ्याकडून विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांच्या वर व्याज घेता येत नाही, आणि व्याजाची एकूण वसुली मुद्दलाच्या वर जाता कामा नये. तुमच्या माणसाकडे परवाना आहे का, ते सहायक निबंधकांच्या कार्यालयात समजतं. परवाना नसेल तर जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे लेखी तक्रार द्या आणि पोहोच घ्या. विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद आहे, आणि अशा माणसाच्या बाजूने कोर्ट पैशाचा हुकूमनामा देत नाही. तुम्ही त्याला कोरे चेक आणि सही केलेला स्टँप दिला असेल, बहुतेक लोक देतात, तर तक्रारीत त्या चेकचे नंबर लिहा. घाबरून हे लपवाल तर उद्या तोच चेक मनाला येईल त्या रकमेने भरून बँकेत टाकला जाईल.

दुसरं काम बँकेचं. घर वाचवायचं की सोडायचं, हे नवरा-बायकोने बसून ठरवा. घराची आजची किंमत बँकेच्या देण्यापेक्षा बरीच जास्त असेल तर बँकेला लिलाव करू देण्यापेक्षा तिच्या संमतीने स्वतः गिऱ्हाईक आणून विकलेलं बरं, लिलावात भाव पडतो. मात्र बँक फिटून जे उरेल ते तुमचं खासगी राहत नाही, ते सगळ्या धनकोंचं होतं, हे लक्षात ठेवूनच व्यवहार करा. एकरकमी तडजोड करायची असेल तर आधी बँकेचं सहीशिक्क्याचं पत्र, मग पैसे, तेही खात्यातूनच, आणि शेवटी नादेय दाखला. फोनवरच्या आश्वासनावर एक रुपया भरू नका. पतसंस्थेशी लोक अदालतीत बोलणी होऊ शकते. तिथे झालेल्या निवाड्यावर अपील नसतं, म्हणून झेपेल तेवढाच हप्ता कबूल करा.

आता जे करू नये ते सांगते, कारण माणसं सगळ्यात जास्त नुकसान इथेच करून घेतात, तेही चांगल्या हेतूने. तगादा वाढला की आधी पीपीएफ मोडतात, एलआयसी सरेंडर करतात, जुन्या नोकरीचा पीएफ काढतात आणि सगळं सावकाराच्या ओंजळीत ओततात. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे पीपीएफ, आयुर्विम्याचे पैसे, भविष्य निर्वाह निधी यांच्यावर जप्ती येत नाही, आणि जे जप्त होत नाही ते नादारीतही रिसीव्हरच्या (नादाराची मालमत्ता सांभाळायला कोर्टाने नेमलेल्या माणसाच्या) ताब्यात जात नाही. कायद्याने जे तुमच्या म्हातारपणासाठी राखून ठेवलंय ते स्वतःच्या हाताने देऊ नका. घरातली भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, अंगावरचे कपडे, पत्नीचं मंगळसूत्र, कारागिराची अवजारं हीही सुरक्षित आहेत. पत्नी शिलाई मशीनवर कमावते, ते मशीन तिचं. पावती तिच्या नावाची असेल तर जपून ठेवा. तिचं स्त्रीधन तुमच्या मालमत्तेत मोजलं जात नाही. तुमच्या पगाराचंही तसंच. पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश भाग जप्तीतून वगळलेला आहे. १६ हजारांत ११ हजार सुरक्षित, जास्तीत जास्त ५ हजारांवर हात पडू शकतो.

याच्या उलट, गावाकडच्या जमिनीतला स्वतःचा हिस्सा घाईघाईने भावाच्या नावे हक्कसोड करून देणं, दुकानगाळा बायकोच्या नावे बक्षीसपत्र करणं, गाडी मेव्हण्याच्या नावावर करणं, हे सगळं थांबवा. अर्जाच्या आधीच्या दोन वर्षांत मोबदल्याशिवाय केलेलं हस्तांतरण रिसीव्हर रद्द करून घेऊ शकतो. अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांत एकाच धनकोला झुकतं माप देऊन फेडलं असेल तर तेही उलटतं. नातेवाइकांचे दोन लाख आधी देऊन टाकावेत असं तुम्हाला मनापासून वाटत असेल, मला ते कळतं, पण तसं केलंत तर त्यांनाच उद्या कोर्टाची नोटीस येईल. आणि मालमत्ता किंवा वह्या लपवल्या तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. हक्कसोड किंवा बक्षीसपत्र आधीच झालं असेल तर ते अर्जात लिहा आणि वकिलाला पहिल्याच दिवशी सांगा.

अर्जाचा गाभा दोन याद्यांमध्ये असतो: देणी आणि मालमत्ता. शंभर पानी वही घ्या, डाव्या पानावर एकच देणं आणि उजव्या पानावर त्याचे कागद. एका देण्याचं पान असं दिसायला हवं: वर धनकोचं पूर्ण नाव आणि आजचा पत्ता, खाली पहिला व्यवहार कधीचा, मुद्दल किती घेतलं, आजवर किती फेडलं, त्यातलं रोख किती आणि खात्यातून किती, आज तो किती मागतो आणि तुमच्या हिशेबाने किती निघतं, तारण काय, जामीनदार कोण, चेक किंवा प्रॉमिसरी नोट दिली का, कोर्टात दावा किंवा दरखास्त असेल तर नंबर आणि पुढची तारीख. रक्कम मान्य नसेल तर ‘वादग्रस्त’ असं लिहा, पण पान गाळू नका. सावकाराचं पानही हवंच. भिशीचे राहिलेले हप्ते, किराणा दुकानाची उधारी, शाळेची फी, हातउसने घेतलेले पाच हजार, सगळं. जे देणं यादीत नाही त्याच्या धनकोला नोटीस जात नाही, आणि तो नंतर उभा राहिला की तुमच्या प्रामाणिकपणावरच प्रश्न येतो.

कार्ड आणि ॲपची देणी आठवत नसतील तर क्रेडिट रिपोर्ट काढा. सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चारही कंपन्यांना वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यावा लागतो. चौघांचेही काढा, एकात नसलेलं दुसऱ्यात सापडतं. मालमत्तेच्या यादीत सातबारा आणि आठ अ, घराचा उतारा, गाडीचं आरसी बुक, बंद पडलेली बँक खाती, उरलेला माल, लोकांकडून तुम्हाला येणं असलेली उधारी हेही येतं. येणं असलेली उधारी ही मालमत्ताच आहे. ती विसरणारे खूप.

पुराचे कागद इथे फार मोलाचे आहेत, आणि तुमच्यासारख्यांना ते माहीत नसतं म्हणून थोडं खोलात सांगते. नादारीचा हुकूम झाला म्हणजे देणी संपली असं नाही. कोर्ट एक मुदत देतं, त्या मुदतीत तुम्हाला विमुक्तीसाठी, म्हणजे देण्यांतून सुटकेसाठी, वेगळा अर्ज करावा लागतो. तो केला नाही तर नादारीचाच हुकूम रद्द होऊ शकतो. विमुक्तीच्या वेळी नादारी कायद्याचं कलम ४२ आडवं येतं. मालमत्तेतून विनातारण देण्यांचे रुपयाला आठ आणेही निघत नसतील, तर पूर्ण विमुक्ती नाकारायची असं ते कलम सांगतं, पण ज्यासाठी कर्जदाराला न्यायाने जबाबदार धरता येणार नाही अशा परिस्थितीमुळे हे झालं असेल तर अपवाद आहे. ऑगस्ट २०१९ ला आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी ४५. सांगलीत कोणाला हे सांगावं लागत नाही, तरी कोर्टात तुमच्याच दुकानातलं नुकसान कागदावर दाखवावं लागतं. दोन्ही वर्षांचा पंचनामा, मिळालेल्या सरकारी मदतीची नोंद, विम्याचा दावा नाकारला असेल तर ते पत्र, पाणी ओसरल्यावर काढलेले फोटो, भिजलेल्या मालाची यादी गोळा करा. पंचनाम्याची प्रत नसेल तर महापालिका किंवा तहसील कार्यालयात नकलेचा अर्ज करा, नाहीच दिली तर माहिती अधिकारात मागा.

त्याच कलमात नेहमीच्या हिशेबाच्या वह्याही विचारल्या जातात, नादारीच्या आधीच्या तीन वर्षांचा व्यवहार कळेल अशा. वह्या पुरात गेल्या असतील तर तसं पंचनाम्यात आलंय का बघा, आणि पर्याय उभा करा: बँकेचे खातेउतारे, जीएसटी पोर्टलवरची विवरणपत्रं, आयकराचा २६ एएस, होलसेलवाल्यांकडून त्यांच्या खतावणीतल्या तुमच्या खात्याची प्रत. दुकान बुडतंय हे कळूनही उधारीवर माल उचलला, सट्टा किंवा जुगार खेळला, या गोष्टीही ४२ मध्येच विचारतात. ऑनलाइन गेममध्ये पैसे घातले असतील तर वकिलाला सांगा, खातेउताऱ्यात ते दिसतंच.

आता खर्चाचं. वकील लावायला कर्ज काढू नका, आणि ‘तीन महिन्यांत लोन सेटल करून देतो’ म्हणत आगाऊ फी मागणाऱ्यांच्या नादी लागू नका. न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असेल तर मोफत वकील मिळतो. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग व्यक्ती यांना उत्पन्नाची अटच नाही. तुमचा पगार वर्षाला १ लाख ९२ हजार होतो, म्हणजे तुम्ही बसता. उत्पन्नाबद्दल प्रतिज्ञापत्र दिलं तरी चालतं. वकिलाची फी, कोर्ट फी, नोटिसांचा खर्च, नकला, टायपिंग यांचा भार तुमच्यावर येत नाही. कराड, विटा, तासगाव अशा तालुक्याच्या ठिकाणी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज देता येतो. फोन करायचा तर १५१००. विधी सेवेचे वकील लक्ष देत नाहीत असं म्हणतात. माझा अनुभव असा की वर सांगितलेली वही नीट भरून नेली की तेच वकील मन लावून काम करतात, कारण निम्मं काम झालेलं असतं. फक्त मोबाइलमधले मेसेज घेऊन गेलात तर कोणीच काही करू शकत नाही.

अर्ज दाखल होईपर्यंत घर चालवायचं आहे. धान्य, वीज, औषध, मुलांची फी आधी. पगार ज्या बँकेचं कर्ज थकलंय तिथेच जमा होत असेल तर ती बँक तो कर्जापोटी वळता करून घेऊ शकते. देणं नसलेल्या बँकेत साधं बचत खातं उघडा आणि तेही मालमत्तेच्या यादीत लिहा. जीपे-फोनपेवरचे ॲपचे ऑटो-डेबिट बंद करा. वसुलीवाल्यांना सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. शिव्या, शेजाऱ्यांना फोन, फोटो पाठवण्याच्या धमक्या यांचे रेकॉर्डिंग ठेवा, कर्ज देणाऱ्या संस्थेला लेखी तक्रार करा, तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. धमकी असेल तर पोलीस ठाणे.

तुम्ही लिहिलंय की रात्र-रात्र झोप येत नाही आणि नको ते विचार येतात. १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. आजच करा. आणि तुरुंगाची जी भीती आहे ती मनातून काढा. पैसे नसणं हा गुन्हा नाही. देण्याची ऐपत असून जो मुद्दाम देत नाही त्याच्यासाठीच दिवाणी कैद आहे, सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली जॉली जॉर्ज व्हर्गीस खटल्यात हे ठामपणे सांगितलंय. स्त्रीला तर पैशाच्या हुकूमनाम्यासाठी अटकच करता येत नाही. दरखास्तीची नोटीस आली की हजर राहा, पगाराची पावती आणि खर्चाचा तपशील द्या. बेलिफला चुकवत फिरलात तर मात्र ऐपत असून टाळतोय असंच कोर्टाला वाटेल. नादारीचा हुकूम झाल्यावर गरज पडली तर अटकेविरुद्ध संरक्षणाचा हुकूमही मागता येतो.

हुकूम झाल्यावर काय बंधनं येतात तेही आधीच कळू द्या. विमुक्ती होईपर्यंत नव्याने मिळालेली मालमत्ता, समजा वडिलांकडून वारसाने आलेली, तीही रिसीव्हरकडे जाते. आपण नादार आहोत हे न सांगता पन्नास रुपयांचीसुद्धा उधारी घेतली तर गुन्हा होतो. ग्रामपंचायत किंवा महापालिकेची निवडणूक लढवता येत नाही. भागीदारी असेल तर भागीदार राहता येत नाही. सरकारी देणी, पोटगी आणि फसवणुकीतून आलेलं देणं विमुक्तीनंतरही राहतं. जीएसटी थकला असेल तर तो यात सुटेल असं धरून चालू नका. आणि एकदा केलेला नादारीचा हुकूम तुमच्या हलगर्जीपणामुळे रद्द झाला तर कोर्टाच्या परवानगीशिवाय दुसऱ्यांदा अर्ज करता येत नाही.

शेवटी तुमचे दोन जामीनदार. तुम्ही त्यांच्याबद्दल प्रश्नात एकच ओळ लिहिलीय, पण मला वाटतं झोप उडण्याचं खरं कारण तेच असावं. तुमच्या विमुक्तीने त्यांची जबाबदारी संपत नाही, पतसंस्था त्यांच्या पगारावर किंवा शेतावर बोजा चढवू शकते. म्हणून अर्ज टाकण्याआधी दोघांच्या घरी स्वतः जा, पत्नीलाही न्या, आणि कागद पुढे ठेवून सगळं सांगा. त्यांनी भरलेली रक्कम ते तुमच्याकडून कायद्याने मागू शकतात, म्हणून त्यांचीही नावं देण्यांच्या यादीत घाला. तुमच्या नावावरच्या वसुली दाखल्याला आव्हान द्यायचं असेल तर पुनरीक्षण अर्जासाठी निम्मी रक्कम आधी भरावी लागते, तेवढे पैसे तुम्हा तिघांकडेही नसतील. त्यापेक्षा तिघांनी मिळून संस्थेकडे व्याजात सवलत आणि लांब मुदतीचे हप्ते मागणारा एकच अर्ज द्यावा, आणि त्याची पोहोच तुमच्या वहीच्या पतसंस्थेच्या पानाला जोडावी.